फक्त दोघांपुरता मेल

अपेक्षानं ‘पाठवा’वर बोट नेलं आणि परत काढून घेतलं. समोर सुरेखाचा लॅपटॉप होता, मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट. वरच्या मजल्यावर सुरेखाकडं शेंगा सोलायला जाते, असं नवऱ्याला सांगून ती आली होती. पडेगावच्या त्या इमारतीत शेंगा सोलायला कुणी कुणाकडं गेलं तर त्याचं कुणाला काही वाटत नाही.

“पाठव गं,” सुरेखा म्हणाली. “हे मेलच्या कंपनीवाल्यालासुदा वाचता येत नाय. तुझ्या नवऱ्याला काय येतंय!”

इंद्रजीतला खरं तर सगळंच येत होतं. कॉम्प्युटर हाच त्याचा धंदा. लग्नानंतर आधारवर तिचं नाव बदलताना त्यानं तिचा मेलही आपल्या फोनवर जोडून घेतला होता. ‘आपल्या घरात लपवाछपवी नसते,’ म्हणाला होता. ते खरंच होतं. तिचं सगळं त्याच्या फोनवर होतं, त्याचं काही तिच्या फोनवर नव्हतं, एवढाच काय तो फरक. गेल्या वर्षी वाळूजच्या एका कंपनीनं तिला प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी बोलावलं. त्या मेलला तिच्याच नावानं उत्तर गेलं, ‘घरगुती कारणामुळे जमणार नाही, धन्यवाद.’ तिला हे कळलं तेव्हा जागा भरून गेली होती. तिनं दोनदा पासवर्ड बदलून पाहिला. दोन्ही वेळा ओटीपी त्याच्याच नंबरवर गेला आणि जेवताना त्यानं हसत विचारलं, “काय गं, पासवर्ड विसरलीस का?”

मग दोघी मैत्रिणी दुसरा मेल शोधायला बसल्या. एकानं मोबाइल नंबर मागितला, एकानं जुन्या मेलचा पत्ता मागितला. शेवटी एक असा सापडला, की ज्यानं काहीच मागितलं नाही. त्यात लिहिलं होतं, लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, या दोघांशिवाय तिसऱ्या कुणालाही मेल वाचता येणार नाही. पासवर्ड हरवला तर आम्हीही काही करू शकणार नाही. ‘आम्ही काही करू शकत नाही’ हे वाक्य वाचून आयुष्यात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

दिवाळीत ती माहेरी गंगापूरला गेली. भाऊबीजेला धाकट्या भावानं, ऋतुराजनं विचारलं, “ताई, ओवाळणीत काय देऊ?” ती म्हणाली, “साडी नको. तुझा फोन दे.” तिनं त्याच्या फोनवर तसाच मेल काढून दिला. “एवढंच व्हय?” तो म्हणाला. एवढंच. त्याला तिनं लहानपणी कडेवर खेळवलं होतं. या जगात तिचा भरवसा होता तो त्याच्यावर.

नव्या पत्त्यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं बोलावणं आलं. मुलाखत सुरेखाच्या लॅपटॉपवर झाली, नोकरी मिळाली. आता फक्त निघायचं राहिलं होतं. आणि निघायचं तर भावाबरोबरच. बाई एकटी गेली तर पळून गेली म्हणतात, भावाबरोबर गेली तर माहेरी गेली म्हणतात.

तिनं मेल पुन्हा वाचला. ‘सोमवारी पुण्याला रुजू व्हायचंय. हे जाऊ देणार नाहीत. रविवारी दहा वाजता गाडी घेऊन ये, हे तेव्हा पैठणला शेतावर असतात. मला निघता आलं नाही, तर माझ्या सर्टिफिकेटांची फाईल गॅलरीतल्या कूलरमध्ये आहे, ती तरी घेऊन जा. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.’

तिनं डोळे मिटून बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाहिलं तर उत्तर आलं होतं, ‘येतो.’ सुरेखाच्या गळ्यात पडून ती रडली.

रविवारी इंद्रजीत नेहमीसारखा सकाळीच शेतावर गेला. दहाच्या सुमाराला खाली ओळखीचा हॉर्न वाजला. तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. माहेरची पांढरी गाडी! दाराची कडी काढून ती गॅलरीत धावली. थंडीमुळं कूलर चादर घालून ठेवला होता. चादर ओढली, गवताची जाळी काढली, आत हात घातला.

फाईल नव्हती.

तिनं तळापर्यंत चाचपून पाहिलं. फाईल कुठं आहे हे तिनं एकट्या ऋतुराजला कळवलं होतं, सुरेखालाही नाही. त्यानंच आधी येऊन नेली असेल, असा वेडा विचार तिच्या मनात आला आणि क्षणभर तिनं तो धरूनही ठेवला.

दार उघडल्याचा आवाज झाला. ऋतुराज आत आला, हातात पेढ्यांचा पुडा. त्याच्यामागून इंद्रजीत आला. फाईल त्याच्या काखेत होती.

“चहा टाक,” इंद्रजीत शांतपणे म्हणाला. “पाहुणे लांबून आलेत.”

तिनं भावाकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. तो पुढं झाला आणि तिच्या पाया पडला.

“तुझा मेल आला तसाच दाजींना पाठवला, ताई,” तो म्हणाला. “तुझं घर मोडू दिलं नाय म्या. हीच माझी ओवाळणी समज.”