हललेला फोटो

"तीन क्लिक होईपर्यंत कुणी हलू नका," अनुयानं बजावलं.

दिनानाथ खिडकीला पाठ करून खुर्चीत बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला मीनल उभी होती. बाहेर बदलापूरचं अकराचं ऊन. आधीच्या फोटोत मागचा डोंगर छान आला होता, पण आईबाबांचे चेहरे काळे पडले होते. चेहरे उजळ केले तर खिडकी नुसती पांढरी. म्हणून अनुयानं कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि एचडीआर चालू केलं. आता कॅमेरा लागोपाठ तीन फोटो काढणार होता, एक गडद, एक मधला, एक उजळ, आणि तिन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन एकच फोटो जुळवणार होता. फक्त समोरचं काही हलता कामा नये.

दिनानाथ म्हणाले, माझी काळजी नको, माझं अर्धं अंग तसंही हलत नाही.

कुणी हसलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं अधिकारी असलेला माणूस. सात महिन्यांपूर्वी पक्षाघातानं डावी बाजू गेली. पाय थोडाफार आला, हात आला नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी व्यायामही सोडून दिला. मीनलनं समजावलं, अनुयानं अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आजचा हा फोटो, तोही मीनलनं हट्ट धरला म्हणून.

तीन क्लिक झाले. नेमका मधेच वारा आला आणि मीनलनं खांद्यावरून पुढे घेतलेला पदर घसरला.

अनुयानं फोटो लॅपटॉपवर मोठा केला. डोंगर होता, चेहरेही उजळले होते. पदर मात्र दुहेरी, पुसट आला होता. हलला होता, तसा येणारच. पण पदराशेजारी आणखी काहीतरी पुसट होतं. कॅमेराच हलला असेल, असं तिला वाटलं. पण खिडकीचे गज रेखीव आले होते. मग तिनं तिन्ही फोटो सुटे उघडले. पहिल्यात दिनानाथांची बोटं मांडीवर होती. दुसऱ्यात ती किंचित उचलली होती. तिसऱ्यात पदराकडे वळली होती.

तिनं लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला.

"बाबा, तुम्ही हललात."

दिनानाथ वैतागले. आपण दगडासारखे बसलो होतो, साधा फोटोसुद्धा आता आपल्याला जमत नाही का, असं बरंच काही बोलले. अनुया एकामागून एक तिन्ही फोटो दाखवत राहिली. मागून वाकून बघणाऱ्या मीनलनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"अहो," ती म्हणाली, "हा डावा हात आहे."

दिनानाथ कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, दात आवळून जोर लावला. बोटं हलली नाहीत. पुन्हा लावला. नाहीच. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना त्या हाताचा राग आला नाही. त्यांनी उजव्या हातानं त्याला सावकाश थोपटलं.

"असू दे," ते म्हणाले. "जिवंत आहे तो."