टोपलीचा दोर

"हाजी, चार लिंबं, पुदिना आणि पावशेर साखर! आणि पुदिना ताजा हं, कालचा नको, पाहुणी आलीय!" विदादने चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खालच्या दुकानदाराला ओरडून सांगितलं आणि टोपली खाली सोडली. दोर सरसर गेला. त्याचं दुसरं टोक कुंड्यांमागे, मेणकापडात गुंडाळलेल्या एका जड गाठोड्याला बांधलेलं होतं.

सफिनाझ खुर्चीच्या कडेवर बसून होती. शुब्रा वस्तीतल्या या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि तिला एकोणऐंशीवं लागलं होतं. कैरोच्या दोन चौकांत तिची दगडी शिल्पं उभी होती, शाळेच्या पुस्तकात तिच्यावर धडा होता. इथे मात्र ती गृहपाठ न करता आलेल्या मुलीसारखी बसली होती.

"बसबूसा आणलाय," ती रव्याच्या मिठाईचा डबा पुढे करत म्हणाली.

"पंचावन्न वर्षांनी येतेस आणि बसबूसा आणतेस? मला साखर आहे, बाई."

"मग हाजीकडून पावशेर मागवलीस ती?"

"ती तुझ्यासाठी. तुला लागते ना तीन चमचे?"

विदादने हसत टोपली वर ओढली. सफिनाझला हसू आलं नाही. तिने पर्समधून एक छापील कागद काढला. पुढच्या आठवड्यात संग्रहालयात तिच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडणार होतं. आमंत्रणाच्या मुखपृष्ठावर तिचं पहिलं, सगळ्यांत नावाजलेलं शिल्प होतं. भाकरी थापायला उकिडवी बसलेली बाई, कोणीतरी बोलावल्यासारखी मान वळवून बघणारी. ब्राँझचं. नाव 'हाक'.

"हे तुझं आहे," सफिनाझ म्हणाली. "माझं नाही."

विदाद पुदिना निवडत राहिली.

बोलायला सुरुवात केल्यावर सफिनाझला थांबवेना. कलाशाळेचं शेवटचं वर्ष. स्पर्धेसाठी दोघींनी एकाच बाईला समोर बसवून मेणात काम केलं होतं, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे एकाच उंचीचं. सफिनाझची बाई खाली भाकरीकडे बघत होती, विदादची मान वळवून. पण दिवसभर दोघींच्या मध्ये पडदा टांगलेला असायचा आणि पूर्ण होईपर्यंत एकमेकींना दाखवायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. दोन्ही मेणं तांबटांच्या नह्हासीन गल्लीत उस्ता लबीब या ओताऱ्याकडे ब्राँझमध्ये ओतायला गेली. उस्ताला अक्षर वाचता येत नसे. त्याने एकीला लाल धागा बांधला, दुसरीला निळा. साच्यातून मेण वितळून गेलं तेव्हा धागेही त्याबरोबर जळून गेले. उस्ताने अंदाजाने पोती बांधली आणि हातगाडीवरून घरोघर पाठवून दिली.

"पोतं सोडलं आणि बघताक्षणी कळलं, ही माझी नाही," सफिनाझ म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगली होती, विदाद. हे मला तेव्हाही कळलं. दोन दिवस मी तिच्यासमोर बसून काढले. तिसऱ्या दिवशी छिन्नी घेतली आणि तळाला माझं नाव कोरलं."

"हं."

"मग तू भेटलीस आणि म्हणालीस, माझी ओतताना तडकली, भंगारात दिली. मला वाटलं, सुटले. माझं स्वतःचं काम भंगारात गेलं याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. इतकी नीच झाले होते मी."

तिला रडू फुटलं. पहिलं बक्षीस, रोमची शिष्यवृत्ती, परत आल्यावर मिळालेला मान, सगळं त्या बाईच्या वळलेल्या मानेवर उभं होतं. त्यानंतर तिने ब्राँझला कधी हात लावला नाही. चाळीस वर्षं अस्वानला जाऊन दगड फोडत राहिली. समीक्षकांनी त्याला मातीशी निष्ठा म्हटलं. खरं म्हणजे, दुसऱ्याच्या भट्टीत काम पाठवायचीच तिला धास्ती बसली होती.

"आणि तू मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत राहिलीस," ती म्हणाली. "स्पर्धेला पाठवायला तुझ्याकडे काही राहिलंच नाही. माझ्यामुळे."

तिने दुसरा कागद पुढे सरकवला. संग्रहालयाला लिहिलेलं पत्र होतं ते. 'हाक' विदादची आहे, पाटीवर तिचं नाव लावावं, मी चोरी केली आहे. खाली सफिनाझची सही होती, शेजारी विदादच्या सहीसाठी जागा सोडलेली होती.

"वेड लागलंय तुला? प्रदर्शनाला मंत्री येणार, टीव्हीवाले येणार. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही राहिली तर नाही. मला हे घेऊन मरायचं नाही."

विदादने चहात साखर घातली, तीन चमचे. पेला पुढे केला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बक्षिसाचा फोटो पेपरात आला त्या दिवसापासून. आपली मान आपल्याला ओळखू येणार नाही होय?"

सफिनाझने पेला बाजूला सारला. "मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर सगळ्यांनी मला हाकलून दिलं असतं. तुझा हक्क होता!"

"हक्क," विदाद म्हणाली. तिने पत्र जवळ ओढलं. मग तिने ते न वाचता उलटं करून ठेवलं.

"सही कर, विदाद. हात जोडते."

"आधी ऊठ. बाल्कनीत चल."

गुडघ्यांवर हात टेकत विदाद कुंड्यांमागे बसली. दोराची गाठ सुटेना, तेव्हा तिने पुदिन्याच्या सुरीने ती कापली. मग मेणकापड सोडू लागली. एक पदर, दुसरा पदर. तिने मान वर केली नाही.

आतून ब्राँझची एक उकिडवी बाई निघाली, खाली भाकरीकडे बघणारी. तिच्या तळाला स्पर्धेचा क्रमांक होता, 'नापसंत' असा परीक्षकांचा शिक्का होता, आणि त्यांच्या शेजारी छिन्नीने खोल, सावकाश कोरलेलं नाव होतं: विदाद.