गुरुवारी दुपारी बारापर्यंत

खलित्याची तिसरी नक्कल करताना ताव युनशानच्या हातून कागदावर शाई सांडली. एकवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. त्यानं तो कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

पेकिंगच्या परराष्ट्र खात्यात तो नकलनवीस होता. साल एकोणीसशे सव्वीस. सरदारांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडत होत्या आणि सरकारचा हुकूम राजधानीच्या वेशीबाहेर कोणी मानत नव्हतं. अशात आठ देशांचे राजदूत एकत्र बसले आणि त्यांनी मिळून एकच खलिता धाडला. समुद्राच्या तोंडाशी असलेल्या किल्ल्यावरच्या तोफा गप्प करा, खाडीतले सुरुंग काढा, आमच्या जहाजांना वाट द्या. मुदत गुरुवारी दुपारी बारापर्यंत. पुढचं आमची आरमारं बघून घेतील.

संध्याकाळी राळ्याची पेज आणि खारवलेला मुळा खाताना त्यानं हे घरात सांगितलं. त्याची मुलगी रुइचिंग मुलींच्या महाविद्यालयात शिकत होती. तिनं वाटी खाली ठेवली.

"बंदर कुणाचं, बाबा?"

"आपलं."

"आणि तोफा?"

"त्याही आपल्याच."

"मग मुदत ते कसली घालतात?"

शाई सांडली तेव्हा युनशानच्याही मनात हेच होतं.

दुसऱ्या दिवशी ती पांढऱ्या कापडाचा तागा काखोटीला मारूनच घरी आली. गुरुवारी सकाळी सगळ्या महाविद्यालयांची मुलं राजवाड्यासमोरच्या मैदानात जमणार होती. सरकारनं खलिता परत पाठवावा, ही मागणी. सभेनंतर मोर्चा कुठं न्यायचा यावर मात्र एकमत होत नव्हतं. थेट राजदूतांच्या वस्तीवर जावं असं काहींचं म्हणणं होतं, आणि त्यांत रुइचिंगचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

युनशानचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याचा थोरला भाऊ त्याच वस्तीच्या तोंडाशी उभा होता. हातात काठीसुद्धा नव्हती. वस्तीच्या तटावरून गोऱ्या शिपायाची एक गोळी आली. भाऊ एकोणीस वर्षांचा होता. रुइचिंगला हे सगळं ठाऊक होतं, तरी युनशाननं ते पुन्हा सांगितलं, तट केवढा उंच आहे इथपासून. तीही ऐकेना. घाबरून घरात बसलो म्हणूनच आठ जण मिळून डोळे वटारतात, असं तिचं म्हणणं. वाद बराच वेळ चालला. तिच्या आईनं दोनदा पेज गरम केली.

शेवटी युनशान म्हणाला, "त्या खलित्याला उत्तर कोण देणार? आपलं सरकार. मग जायचं तर सरकारच्या दारात जा. मोठ्यानं ओरडा, दारावर मुठी आपटा. तिथं आपली माणसं आहेत. मी रोज खात्याचे कागद घेऊन जातो तेव्हा तिथले पहारेकरी मला सलाम करतात, पोरीबाळींचे बाप आहेत ते."

रुइचिंग हसायला लागली. "सरकारी नोकर सरकारच्याच दारात मोर्चा न्यायला सांगतोय."

"सांगतोय. आणि तिथं जाणार असाल तर फलकही मीच लिहून देतो. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं."

ती तशीच महाविद्यालयाच्या वसतिगृहाकडं धावत गेली. तास-दीड तासानं परत आली ती धापा टाकत. बऱ्याच जणींना आणि मुलांनाही ते पटलं होतं. सभा झाली की मोर्चा शहराच्या उत्तरेला, सरकारच्या मुख्य कचेरीवर.

युनशाननं जमिनीवर कापड अंथरलं आणि कचेरीतला जाडा कुंचला काढला. आजवर त्या कुंचल्यानं फक्त दुसऱ्यांचे शब्द उतरवले होते. गुडघ्यांवर बसून त्यानं हातभर मोठी अक्षरं काढली: आठ देशांचा खलिता फेटाळून लावा. एकही रेघ थरथरली नाही.

"खाली तुमचं नाव घालू का?" तिनं चिडवलं.

"घाल," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

गुरुवारी सकाळी धुळीचा वारा सुटला होता. रुइचिंगनं तिळाची भाकरी उभ्याउभ्याच खाल्ली. गल्लीच्या टोकाशी वळून तिनं फलकाची काठी उंच करून दाखवली. युनशाननं हात वर केला, आणि शेजारी बघत होते तरी तो तसाच धरून ठेवला.

परराष्ट्र खात्यात मुख्य कारकुनानं त्याच्यापुढं उत्तराचा कच्चा मसुदा सरकवला. मसुदा फार नरम होता. युनशाननं तो वाचला, कुंचला धुऊन ठेवला आणि आज आपला हात चालत नाही म्हणून सांगितलं. मुख्य कारकून त्याच्याकडं बघत राहिला. युनशाननं मान खाली घातली नाही.

बारा वाजले. काहीच झालं नाही. एक वाजला.

मग वाऱ्यातून तो आवाज आला. आधी फटाक्यांसारखा, मग सलग. दिशा कळत नव्हती. सगळे दक्षिणेच्या, राजदूतांच्या वस्तीकडच्या खिडकीशी धावले. "सुरू केलं त्यांनी," कोणीतरी म्हणालं.

पोरं ऐकतात थोडीच, युनशानच्या मनात आलं. सरकारच्या दारातून वळून तटाकडंच गेली असणार. तो टोपी न घेता बाहेर पडला आणि राजदूतांच्या वस्तीकडं पळत सुटला. चाळिशी ओलांडलेला माणूस, मध्ये कुठंही थांबला नाही.

वस्तीच्या फाटकाशी एक गोरा शिपाई खांद्याला बंदूक अडकवून उभा होता. दुसरा उकिडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. तटावर कोणी नव्हतं. रस्त्यात एकही मूल नव्हतं. रिक्षा ओळीनं लावलेल्या होत्या आणि रिक्षावाले धंदा सोडून उत्तरेकडं तोंड करून उभे होते.

युनशाननं त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा दंड धरला आणि पोरं कुठं आहेत म्हणून विचारलं.

"इकडं कुणी आलंच नाही, मालक," म्हातारा मान न वळवता म्हणाला. "तिकडं सरकारच्या दारात आपलेच शिपाई गोळ्या घालतायत त्यांना."