धक्क्यावरचा शहीद

रीम पोचली तेव्हा सी ताहेर दारावरचा कागद सोलून काढत होते. सकाळी तिनेच तो चिकटवला होता: 'सादिक बिन रमदान यांचे अखेरचे दिवस. व्याख्यान: रीम जलासी. सर्वांना प्रवेश.' गोंद पक्का बसला होता. वरचा निम्मा कागद हातात आला, खालचा दाराला धरून राहिला.

"हे काय, सर?" तिने विचारलं. शाळेत तेच तिला इतिहास शिकवायचे. आता गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष होते, गाव आदराने 'सी' म्हणे, तरी तिच्या तोंडी सरच होतं.

"आज नको. पुढे बघू."

"नूरी आला होता?"

"फोन केला होता." ते नखाने कागद खरवडत राहिले.

नूरी हा सादिकचा नातू, नगरपालिकेचा सभासद. मंडळाची ही बंदरावरची खोली पालिकेचीच होती. येत्या शुक्रवारी सादिकचा पुतळा धक्क्यावर बसणार होता. स्वातंत्र्यलढ्यात फ्रेंच शिपायांनी त्याला त्याच धक्क्यावर गोळ्या घातल्या आणि प्रेत समुद्रात लोटलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. रीमला मात्र कैरवानमध्ये एक म्हातारा भेटला होता. तरुणपणी तो राजधानीतल्या एका इस्पितळात रुग्णांची सेवा करायचा. त्याने सांगितलं, सादिकला गोळी लागलीच नव्हती. त्याला धरून नेलं, आणि हिवाळ्यात तो क्षयाने गेला. इस्पितळातल्या जुन्या नोंदीही तेच सांगत होत्या.

"मला कैरवानला कुणी धाडलं, सर? तुम्हीच ना? मंडळाचा उद्देश काय, तर इतिहासाच्या अभ्यासाला पाठबळ देणे."

"पाठबळच देतोय. खोली राहिली तर मंडळ राहील, मंडळ राहिलं तर अभ्यास. खऱ्यालासुद्धा डोक्यावर छप्पर लागतं, बाई."

"म्हणजे आपण नुसत्या सहली काढायच्या आणि जुन्या फोटोंची प्रदर्शनं भरवायची."

"भरवतोच की. लोक येतात."

जिन्यावरून औषधवाले सी शाकिर आले. व्याख्यान नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं. घरी सामना लावलाय," म्हणत ते आल्या पावली गेले. रीमने पिशवी खुर्चीवर आपटली.

"नूरी म्हणतो, आईला सोसायचं नाही," सी ताहेर हळू म्हणाले. "सादिकची एकुलती एक मुलगी. शहिदाची लेक म्हणून सगळा जन्म काढला तिने. आता या वयात कशाला?"

"तिला विचारलं कुणी?"

तेवढ्यात जिन्यावर पुन्हा पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. डोक्यावरून अंगभर पांघरलेल्या पांढऱ्या सफसारीचा पदर दातांत धरून नूरीची आई, म्हातारी मब्रूका, दारात उभी राहिली. व्याख्यान रद्द झाल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.

सी ताहेर पुढे झाले. "खाला, आजचं रद्द झालं. बोलणाऱ्यांची तब्येत बरी नाही."

मब्रूकाने रीमकडे पाहिलं. "हिची? चांगली धडधाकट दिसते."

"मी बरी आहे, खाला," रीम म्हणाली. सी ताहेरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने नजर वळवली नाही. "तुमच्या नूरीला वाटतं, तुम्हाला ऐकून त्रास होईल."

"नूरीला माझ्या गुडघ्यांबद्दलही असंच वाटतं. चढले की नाही जिना?" ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली. "सांग."

रीमने महिनाभर तयारी केली होती. चित्रं होती, नकाशा होता, सुरुवातीला म्हणायची वाक्यं पाठ होती. त्यातलं काहीच तिने काढलं नाही. समोर खुर्ची ओढून ती बसली आणि कैरवानच्या म्हाताऱ्याने जे सांगितलं होतं ते साध्या शब्दांत सांगत गेली. सी ताहेर खिडकीशी पाठमोरे उभे राहिले.

"खोकायचा फार?" मब्रूकाने विचारलं.

"फार. रात्र रात्र झोप नसायची."

"जवळ कोण होतं?"

"तो म्हाताराच. तेव्हा पोरगेलासा होता. उठवून पाणी द्यायचा."

"आणि माती? कुठे दिली?"

"इस्पितळाच्या मागे टेकडी आहे. तिथे आपलं कबरस्तान आहे. दगड नाही, पण त्याला जागा आठवते. मी पाहून आलेय."

मब्रूका खिडकीकडे वळून म्हणाली, "सी ताहेर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"वसंतापासून, खाला."

"आणि शुक्रवारी मला धक्क्यावर बोलावलंय, समुद्रात फुलं सोडायला."

सी ताहेरांनी खिडकी उघडली.

खाली बंदराला नावा लागत होत्या. टोपल्या उतरत होत्या, बायका भावावरून भांडत होत्या. उघड्या खिडकीतून सार्डिन माशांचा वास आत आला. मब्रूका तिकडे बघत राहिली.

"तो गेला त्या दिवसापासून आईने घरात मासा शिजू दिला नाही," ती म्हणाली. "म्हणायची, तो त्याच पाण्यात आहे. मी लग्न करून गेले, तिथेही तेच. नूरी पन्नाशीला आला, सी ताहेर. या बंदरावर जन्मला, इथेच वाढला. त्याला माशाची चव माहीत नाही."