मॅडमची चाचणी

मेजावर चाळीस चित्रं, एक मायक्रोफोन आणि आमचे दोन चहाचे कप होते. चित्र दिसलं की त्याचं रशियन नाव सांगायचं. किती वेळ लागला ते संगणक मोजणार. हा माझ्या पीएच.डी.चा प्रयोग. आज खुर्चीत माझ्या गाइड, मणेरीकर मॅडम, स्वतः बसल्या होत्या.

पहिली काही चित्रं झटपट गेली. मग छत्री आली. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. हा शब्द मला त्यांनीच शिकवला होता.

"जाऊ द्या, मॅडम. आज थांबू या," मी म्हणाले.

"दार लाव आणि पुढचं दाखव. परवा वर्गातही असंच झालं. डॉक्टरांकडे जायच्या आधी मला आकडा हवाय."

शेवटचं चित्र झालं, तेव्हा मी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"बी.एस्सी. ना गं तू? आकड्याला घाबरतेस?" मॅडम हसल्या. "खोटं सांगितलंस तर प्रबंधावर सही करणार नाही."

"तुमच्या वयाच्या, रशियन शिकवणाऱ्या शिक्षकांची सरासरी दीड सेकंद आहे."

"आणि माझी?"

"चार पॉइंट सहा."