पहिले हजार किलोमीटर

पिस्टनवरची दुसरी रिंग काढायच्या आधी एकनाथरावांनी तिच्या वरच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मग ती काढून मुलीपुढे धरली.

"टोकाजवळ बारीक अक्षरं कोरलेली असतात. ठिपक्याच्याच बाजूला असली तर मी ती बरोबर बसवली होती. दुसऱ्या बाजूला असली तर उलटी. मला दिसत नाहीत."

त्रिवेणीनं टॉर्च लावला.

ट्रकचा मालक हिम्मतराव दाराशी उभा होता. दोन महिन्यांपूर्वी अंबरपेठच्या याच गॅरेजात एकनाथरावांनी त्याचं इंजिन नव्यानं बांधलं होतं, आणि तेव्हापासून ट्रक तेल पीत होता. दोनशे किलोमीटरला लिटर. मागं निळा धूर. बाहेर कुठं गळती नव्हती, टर्बोचा पाइप कोरडा होता, व्हॉल्व्हचे सील ठीक होते. उरली ही रिंग. ती उलटी बसली तर तेल खाली खरवडून आणायचं सोडून वर नेते, आणि तिथं ते जळतं.

सत्तरी ओलांडलेल्या बापानं आता हे काम सोडावं म्हणून त्रिवेणी वर्षभर मागं लागली होती. आज सकाळी ते स्वतःच म्हणाले होते, "रिंग उलटी निघाली तर मी पुन्हा इंजिन उघडणार नाही."

तिनं रिंग एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. एकनाथराव तिच्याकडे बघत नव्हते. पुसलेलाच पाना पुसत होते.

"ठिपक्याच्याच बाजूला आहेत, बाबा."

"नीट बघ. माझं मन राखू नकोस."

"मला तुम्हाला घरी बसवायचंय. खोटं बोलायचं असतं तर उलटी आहे म्हटलं असतं."

त्यांनी तिच्या हातातला टॉर्च घेतला आणि मोकळ्या सिलिंडरमध्ये उजेड टाकला. आतली भिंत आरशासारखी चमकत होती. इंजिन बांधताना त्यांनी तिच्यावर घासून पाडलेल्या बारीक रेघा कुठंच नव्हत्या. त्या रेघा तेल धरून ठेवतात, त्यांच्यावरच घासून रिंग आपली जागा करते.

"हिम्मतराव, गाडी चालवली कशी?"

"कशी म्हणजे? तळहातावर! तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाणल्या, ही पहिली माझी. चाळीसच्या वर काटा नेला नाही. माल घेतला तो फक्त चुरमुऱ्यांचा. रोज सकाळी उदबत्ती लावून तासभर नुसतं इंजिन चालू ठेवायचो. आमच्या घरात विचारतात, ही गाडी आहे का बाळंतीण?"

"असं चालवायला कुणी सांगितलं?"

"कुणी काय, तुम्हीच! पहिले हजार किलोमीटर जपून चालवा, लोड घालू नका. चावी देताना बोलला होता."

एकनाथराव लाकडी खोक्यावर बसले. बोलले होते खरं. त्यांचे उस्ताद जुन्या इंजिनांच्या काळात हेच सांगायचे, म्हणून तेही चाळीस वर्षं प्रत्येकाला सांगत आले होते. ड्रायव्हर "हौ, हौ" म्हणायचे आणि त्याच संध्याकाळी सिमेंट भरून नागपूरच्या रस्त्याला लागायचे. त्या ओझ्याखाली रिंगा भिंतीला दाबल्या जायच्या आणि बसायच्या; ओझंच नसलं तर त्या नुसत्या घसरत राहतात आणि भिंत गुळगुळीत होते. एकही इंजिन परत आलं नव्हतं. सांगितलेलं पाळतात म्हणून येत नाही, असं त्यांना वाटायचं.

"त्रिवेणी," ते हळूच म्हणाले, "माझं ऐकणारा हा पहिला माणूस."

तिनं हसू येऊ नये म्हणून ओठ चावला. हिम्मतराव हसला नाही.

"म्हणजे तुमचं ऐकलं, हे माझं चुकलं?"

एकनाथराव उठले. ड्रिलला घासायचे दगड जोडून त्यांनी ते सिलिंडरमध्ये सोडलं. हात एका लयीत वर-खाली होऊ लागला. चमक गेली. भिंतीवर एकमेकींना छेदणारे बारीक ओरखडे उमटू लागले. हिम्मतरावाला ते बघवेना. तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"सगळ्या रिंगा नव्या घालतो. बुधवारी घेऊन जा," एकनाथराव म्हणाले. "आणि हे बघा, या वेळी..."

"काही सांगू नका," हिम्मतराव पाठमोराच म्हणाला. "चावी तेवढी द्या."