दरीकडचा हात

हात डोंगराकडे उठला, अर्ध्यावर थबकला आणि पुन्हा खाली आला. ग्रंथपालबाईंनी ब्रेकवरचा पाय आणखी दाबला. जुनी जीप उताराच्या तोंडाशी, नाक खाली करून, हटून बसलेल्या जनावरासारखी थरथरत होती. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. मधली वाट पावसाने कुरतडून जेमतेम गाडीपुरती ठेवलेली. मागे फिरायला जागा नव्हती. बॉनेटच्या पुढे, वाटेकडे पाठ आणि गाडीकडे तोंड करून, त्यांचे पती उभे होते. सेवानिवृत्त प्राध्यापक, विभागाचे माजी प्रमुख, संसाराचे तहहयात.

रानवाटांचा एक नियम आहे. अवघड जागी एकाने खाली उतरून पुढे चालायचे आणि चाके कुठे न्यायची ते हातांनी दाखवायचे. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचे नाही, फक्त हातांकडे बघायचे. दोघांनी दोन वाटा पाहिल्या की गाडी तिसरीच धरते आणि ती सरळ दरीत उतरते. प्राध्यापकांनी हा नियम कुठेतरी वाचला होता, आणि जे वाचले ते आपल्याला येते अशी त्यांची जन्मभराची समजूत होती. निवृत्त होताच त्यांनी ही चारही चाकांनी ओढणारी म्हातारी जीप घेतली आणि विस्मृतीत गेलेल्या जंगलवाटा शोधण्याचे कार्य आरंभले. "चालवणं हे हातापायांचं काम, वाट दाखवणं डोक्याचं," असे ते म्हणाले. हातापायांचे काम कोणाच्या वाट्याला आले, हे सांगायला नकोच.

बाईंनी तो नियम कधीच पाळला नव्हता. प्राध्यापकांच्या ग्रंथांतली चुकलेली अवतरणे त्यांनी अशीच निमूट दुरुस्त केली होती, आणि प्रत्येक प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत 'पत्नीचे सहकार्य' एवढी पावती स्वीकारली होती. जीपमध्येही तोच परिपाठ चालू राहिला. सुरुवातीला हात दरीकडे गेला की चाक डोंगराकडे जाई; पुढे पुढे बाईंनी हातांकडे बघणेच सोडले. अवघड टप्पा सरला की प्राध्यापक बॉनेटवर थाप मारून म्हणत, "बघ, कशी काढली गाडी." बाई म्हणत, "हो." त्या एका अक्षरात एरवी एका ग्रंथात मावला नसता इतका राग व्यवस्थित वर्गवारी लावून ठेवलेला असे.

परवाच नणंदेने फोनवर विचारले होते, "वहिनी, या वयात रानं कसली तुडवता? दादाला बसवा की घरी."

"घरी बसले तर स्वयंपाकघरात पुढे उभे राहून हात करतील, वन्सं. इथं निदान मधे काच असते."

आज मात्र ती काचच उलटली होती. मावळतीचे ऊन समोरून थेट आत घुसले होते. धुळीने माखलेली, ओरखडे पडलेली काच वितळत्या पितळेसारखी पेटली होती. वाट दिसत नव्हती. कडा दिसत नव्हता. त्या झगमगाटात दोन काळे हात तेवढे हलत होते. खाली उतरून पाहणे शक्य होते, पण पायांना ते मान्य नव्हते. हा थकवा दिवसभराच्या धक्क्यांचा नव्हता. नेहमी बरोबर असण्याचा आणि ते कोणालाच न कळण्याचा तो थकवा होता, आणि असला थकवा झोपेने जात नाही.

"अगं, ये की," बाहेरून आवाज आला. "मी आहे ना."

असू दे, बाईंना वाटले. एकदा यांनाच बरोबर असू दे. नसतील, तर तेही एकदाचे सिद्ध होईल.

त्यांनी ब्रेकवरचा पाय सैल केला. पुढचे चाक एका दगडावर चढले, त्याने स्टिअरिंगला डोंगराकडे हिसका दिला, आणि नेमका त्याच क्षणी हातही डोंगराकडे उठला. बाईंनी हात मानला. मग एका घळीने चाक दरीकडे ओढले. हात दरीकडे झाला. बाईंनी आयुष्यात प्रथमच सांगितले तिकडे चाक जाऊ दिले. उजवीकडची माती सुटली. ती खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही. एका मुळाने चाक परत फेकले, तोच हातही परतला. काय ही अचूकता. हा माणूस वाट अक्षरशः वाचत होता. इतक्या वर्षांचा आपला राग एखाद्या रद्द झालेल्या आवृत्तीवर तर आधारलेला नव्हता ना, अशी शंका बाईंना प्रथमच आली, आणि तिची त्यांना लाज वाटली.

सपाटी आली. इंजिन बंद झाले. प्राध्यापकांनी रिवाजाप्रमाणे बॉनेटवर थाप मारली. "बघ, कशी काढली गाडी."

"तुम्हीच काढलीत," बाई म्हणाल्या. आवाजात खोच नव्हती. तिची त्यांनाच उणीव भासली. "उन्हानं मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. नुसते तुमचे हात दिसत होते. आज मी खरंच त्यांच्यावर भरवसा ठेवून आणली गाडी."

प्राध्यापकांचा तळवा बॉनेटवरच राहिला. त्यांनी वळून वर पाहिले. वाटेची कड एके ठिकाणी चाकाच्या ठशासकट तुटून गेली होती. ते सावकाश खाली बसले, तिथेच, मातीत.

"आज म्हणजे?"

"एरवी तुमचं कुठे ऐकते मी."

"ते ठाऊक आहे मला," प्राध्यापक म्हणाले. "जीप घेतली त्या पहिल्याच वर्षी कळलं. तुझं कधी चुकत नाही, हेही कळलं. तेव्हापासून मी नुसती तुझी चाकं बघतो. ती वळतील तिकडे हात करतो गं."